कमवायला नव्हे, शिकायला : पेनांगमधले चार आठवडे

परदेश म्हटले की कोकणातल्या मुस्लिम घरांना आधी आखात आठवते. दुबई, दोहा, कुवेत, मस्कत. प्रत्येक मोहल्ल्यात अशी दोन-चार घरे असतातच, जिथला कर्ता पुरुष वर्षातून एकदा, महिनाभराच्या सुट्टीवर येतो. त्याच्याही आधीच्या पिढ्या बोटीवर खलाशी म्हणून जगभर फिरल्या. परदेशात माणूस जातो तो कमवायला, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे आम्ही दोघी शिक्षिका चार आठवडे मलेशियाला जाणार, तेही पदरचे पैसे घालून, तिथल्या शाळेत बसून शिकायला, हे ऐकल्यावर शेजारपाजारच्या बायका बुचकळ्यात पडल्या. "वीस वर्षं पोरं शिकवलीत, आता तुमचं काय शिकायचं राहिलं?" असे एकीने विचारलेच.

प्रश्न रास्त होता. आम्ही दोघी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवतो. एकीचे विषय उर्दू आणि मराठी, दुसरीचे गणित आणि विज्ञान. आम्ही बी.एड. केले तेव्हा तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. टाचणे काढायची, सराव पाठ घ्यायचे, मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांनी शेरा लिहायचा आणि पदवी घेऊन नोकरीला लागायचे. आता बी.एड. दोन वर्षांचे आहे आणि त्यात शाळेतली इंटर्नशिप मोठ्या मुदतीची असते. आमच्या वाट्याला ती आली नव्हती. चाळिशी उलटल्यावर ती आली, आणि आली ती थेट समुद्रापलीकडे.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या ओळखीतून हा कार्यक्रम ठरला. आठवड्यातले चार दिवस पेनांगमधल्या एका माध्यमिक शाळेत तिथल्या शिक्षिकेच्या सोबतीने काम करायचे, पाचव्या दिवशी इतर देशांतून आलेल्या शिक्षकांबरोबर चर्चा, आणि शेवटच्या आठवड्यात आपण स्वतः पाठ घ्यायचा. निम्मा खर्च संस्थेचा, निम्मा आमचा. उन्हाळी सुट्टीचा काळ असल्यामुळे शाळेचे नुकसान नव्हते.

घरचे मात्र वेगळे होते. दोघींच्या घरी बुजुर्ग आहेत, मुले आहेत. बुजुर्गांचा पहिला प्रश्न परवानगीचा नव्हता, स्वयंपाकाचा होता. चार आठवडे चूल कोण सांभाळणार? एकीच्या सासूबाईंनीच तो सोडवला. त्या म्हणाल्या, "बाप्ये परदेशात जाऊन स्वतःच्या हातानं रांधून खातात, तर घरात का नाही रांधणार?" दोन्ही घरांतली मुलगे मंडळी भात-कालवण शिकली ती त्या महिन्यात. आजही आठवड्यातून एखादा दिवस ती चूल त्यांच्याकडे असते. परदेशातून आम्ही काय आणले याची यादी करायची, तर तिची सुरुवात या घरातल्या गोष्टीपासूनच करावी लागेल.

पेनांगची ओळख

पेनांग हे मलेशियाच्या वायव्य किनाऱ्याजवळचे बेट. क्वालालंपूरहून आगगाडीने बटरवर्थला उतरायचे आणि तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडायची. बेटावर जायला दोन पूलही आहेत. पहिला १९८५ साली वाहतुकीला खुला झाला, तो साडेतेरा किलोमीटर लांबीचा आहे. दुसरा २०१४ सालचा, त्याची लांबी २४ किलोमीटर. पण कोकणातल्या माणसाला तर आणि फेरी अधिक जवळची. दाभोळची किंवा जयगडची खाडी ओलांडणाऱ्या आम्हांला त्या पंधरा मिनिटांत परकेपणा वाटला नाही. वाऱ्याला तोच खारट वास होता, किनाऱ्यावर तेच माड.

बेटावरचे मुख्य शहर जॉर्ज टाउन. १७८६ साली फ्रान्सिस लाइट या इंग्रज व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे ठाणे वसवले. मलय लोक तर इथले होतेच, पण या बंदरावर चिनी आले, तमिळ आले, अचेहचे आणि अरबस्तानचे व्यापारी आले, आणि प्रत्येकाने आपापली वस्ती, आपापले प्रार्थनास्थळ उभे केले. २००८ साली युनेस्कोने मलाक्का आणि जॉर्ज टाउन या दोन शहरांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो याच वस्त्यांमुळे.

शहराच्या जुन्या भागात एक रस्ता आहे, कापितान केलिंग मशिदीचा. त्या रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे चालले की सेंट जॉर्ज चर्च लागते, चिनी लोकांच्या दयादेवीचे मंदिर लागते, बाजूच्या गल्लीत मारिअम्मन देवीचे तमिळ मंदिर लागते, आणि पुढे भारतीय मुसलमानांनी उभी केलेली ती मशीद. मशिदीची सुरुवात १८०१ सालची. 'कापितान' म्हणजे एखाद्या जमातीचा मुखिया, आणि 'केलिंग' हा शब्द आपल्या कलिंग देशावरून आला असे मानतात. कादिर मोहिदीन हे त्या काळचे तमिळ मुसलमानांचे मुखिया, त्यांच्या पदावरून मशिदीला हे नाव पडले. मशिदीत स्त्रियांसाठी स्वतंत्र जागा होती आणि कपाटात धुतलेली 'तेलेकुंग', म्हणजे नमाजाच्या वेळी अंगभर घ्यायची पांढरी वस्त्रे, घडी करून ठेवलेली होती. वाटसरू बाईलाही नमाज चुकू नये, याची ती सोय. बसस्थानकात, बाजारात, शाळेत, जिथे जावे तिथे नमाजाची छोटी खोली असते. तिला 'सुराव' म्हणतात.

जवळच अचेह रस्ता आहे. तिथली मशीद १८०८ सालची. जहाजाने हजला जाण्याच्या काळात आसपासच्या मुलखातले यात्रेकरू इथे जमत, इथल्या मुसाफिरखान्यांत राहत आणि जिद्दाला रवाना होत. म्हणून त्या वस्तीला 'दुसरे जिद्दा' म्हणत असत. आम्हांला लगेच मुंबई आठवली. आमच्या आजोबांच्या पिढीने मुंबईहून जहाजाने हज केला. भारतातून समुद्रमार्गे हजला जाणे १९९५ पर्यंत चालू होते. घरातल्या बुजुर्गांनी सांगितलेल्या बंदरावरच्या निरोपाच्या गोष्टी त्या गल्लीत उभे राहून ऐकल्यासारख्या वाटल्या.

खाण्यापिण्याचेही तसेच. पेनांगचा 'नासी कांदार' प्रसिद्ध आहे. नासी म्हणजे भात. कांदार म्हणजे कावड. भारतीय मुसलमान विक्रेते एका बाजूला भाताचे भांडे आणि दुसऱ्या बाजूला कालवणाचे भांडे अशी कावड खांद्यावर घेऊन गोदी कामगारांना जेवण विकत. आता कावडी गेल्या, हॉटेले आली, नाव मात्र राहिले.

ओळखीचे शब्द

भाषेच्या शिक्षकाला नव्या देशात सगळ्यात आधी कान लागतात ते शब्दांना. पहिल्याच दिवशी एका दुकानात 'पुआसा' हा शब्द ऐकला. चौकशी केली तेव्हा कळले, मलय लोक रमजानच्या रोज्याला 'पुआसा' म्हणतात आणि तो शब्द संस्कृतातल्या 'उपवास' या शब्दापासून आला आहे. मग आम्ही वहीच घातली. भाषेला 'बहासा', धर्माला 'आगामा', स्वर्गाला 'शुर्गा', नरकाला 'नेराका', नवऱ्याला 'सुआमी', बायकोला 'इस्तेरी', डोक्याला 'केपाला', जमिनीला 'बूमी'. दुसऱ्या पानावर अरबी-फारसीकडून आलेले शब्द: 'किताब', 'दुनिया', 'वक्तू', 'सेलामत'. शाळेतल्या मधल्या सुट्टीला ते 'रेहात' म्हणतात, म्हणजे आपली राहतच. एका माणसाच्या तोंडात दोन्ही पाने सुखाने नांदतात आणि त्याचे त्याला काही वाटत नाही. मुसलमान मलय माणूस स्वर्गाला शुर्गा म्हणतो म्हणून त्याच्या इमानाला कुणी प्रश्न विचारत नाही.

आपल्याकडेही हे नवे नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. आणि कोकणी मुसलमानाच्या घरातली बोली तर मराठीच्याच कुळातली आहे. तरी आपली मुले बाजारात, कचेरीत मराठी बोलताना अडखळतात. हे का होते, याचा विचार आम्ही पेनांगमध्ये रोज करत होतो.

लिपीने तर आम्हांला बालवाडीतच नेऊन बसवले. मलय भाषा आज रोमन अक्षरांत लिहितात, पण तिची जुनी लिपी 'जावी' ही अरबी वळणाची आहे आणि प्राथमिक शाळेत मुस्लिम मुलांना ती अजून शिकवतात. आम्ही ती वाचायला गेलो तर बरीच अक्षरे ओळखीची आणि मधेच एखादे अनोळखी. उर्दूत 'प'साठी 'पे' आहे. जावीत 'फे'वर तीन नुक्ते दिले की 'प' होतो. 'ऐन'वर तीन नुक्ते दिले की 'ङ', 'काफ'वर एक नुक्ता दिला की 'ग'. मशिदीच्या पाटीवरचा एक शब्द वाचायला आम्हांला पाच मिनिटे लागली आणि तो वाचता आल्यावर झालेला आनंद पहिलीतल्या मुलाचा होता.

चिकगू

मलेशियात शिक्षकाला 'चिकगू' म्हणतात. 'एन्चिक' म्हणजे श्रीयुत आणि 'गुरू' म्हणजे गुरूच. दोन्ही मिळून चिकगू. बाई असो की पुरुष, मुख्याध्यापक असो की नवा उमेदवार, सगळे चिकगू. आम्हांलाही पहिल्या दिवसापासून मुले चिकगू म्हणू लागली. ज्यांच्या हाताखाली आम्ही काम करायचे होते त्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. वयाने आमच्याहून दहा वर्षांनी लहान. पण आमच्याशी त्या धाकट्या बहिणीच्या अदबीने वागल्या आणि कामाच्या बाबतीत मात्र सूट दिली नाही.

शाळा सकाळी साडेसातला भरे. तिथे सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो, त्यामुळे मुले अंधारातच घराबाहेर पडत. मलय मुली सैल अंगरखा आणि लुंगीसारखा घागरा असा 'बाजू कुरुंग' घालत, त्यांच्या शेजारी फ्रॉकवजा गणवेशातल्या चिनी आणि तमिळ मुली. इस्लामच्या तासाला मुस्लिम मुले एका वर्गात जात, बाकीची मुले नीतिशिक्षणाच्या तासाला दुसऱ्या वर्गात. तास संपला की सगळी पुन्हा एकत्र.

आमचे लक्ष वेधले ते भाषांच्या व्यवस्थेने. तिथे सरकारी व्यवस्थेतच तीन माध्यमांच्या प्राथमिक शाळा आहेत: मलय, चिनी (मँडरिन) आणि तमिळ. मलय आणि इंग्रजी हे विषय सगळ्यांना सक्तीचे. सहा वर्षे प्राथमिक शाळा झाली की सरकारी माध्यमिक शाळेत सगळ्यांचे माध्यम मलय. मग चिनी किंवा तमिळ शाळेतून आलेल्या ज्या मुलाची मलय भाषा कच्ची आहे, त्याने काय करायचे? त्याच्यासाठी माध्यमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेआधी एक वर्षाचा वेगळा वर्ग आहे. मलय भाषेत त्याला 'केलास पेरालिहान' म्हणतात, इंग्रजीत 'रिमूव्ह क्लास'. पेरालिहान म्हणजे संक्रमण, एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणे.

हा वर्ग पाहिला त्या दिवशी आम्ही दोघी संध्याकाळी फार कमी बोललो. आमच्या शाळेतल्या एका माजी विद्यार्थिनीची आठवण दोघींच्याही मनात होती. दहावीला उत्तम गुण, विज्ञानाची आवड, डॉक्टर व्हायचे म्हणणारी. अकरावीला तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान शाखेत गेली. तिला पेशी माहीत होती, पण 'खलिया' या नावाने. प्रकाशसंश्लेषण माहीत होते, पण 'झियाई तालीफ' या नावाने. वर्गात इंग्रजी शब्द यायचे, समजावून सांगणे मराठीत व्हायचे, आणि ही मुलगी दोन्हींच्या मधे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत गेलीच नाही. घरच्यांनी समजूत काढून घेतली की पोरीला विज्ञान झेपले नाही. तिला विज्ञान झेपत होते. दहावी आणि अकरावीच्या मधे जो पूल हवा होता, तो नव्हता. जून महिन्यात एक गाव सोडून ती थेट दुसऱ्या गावात उतरली आणि मधली खाडी तिने एकटीने पोहून जावी, अशी अपेक्षा होती.

१६ मे

आमच्या मुक्कामातच तिथला शिक्षकदिन आला. मलेशियात तो १६ मे रोजी असतो. मुलांनी शिक्षकांना फुले दिली, शिक्षकांनी मुलांसमोर गाणी म्हटली, कुणी कुणी नाचलेही. ही तारीख का, असे आम्ही विचारले. आमच्या चिकगूंनी दिलेले उत्तर आम्ही वहीत लिहून ठेवले आहे.

मलेशिया स्वतंत्र झाला १९५७ साली. त्याआधी काही वर्षे शाळांच्या माध्यमावरून मोठा वाद चालू होता. १९५१ साली बार्न्स समितीने सुचवले की वेगवेगळ्या भाषांच्या शाळांऐवजी सगळ्यांसाठी मलय-इंग्रजी अशा एकाच प्रकारच्या राष्ट्रीय शाळा असाव्यात. चिनी आणि तमिळ समाज अस्वस्थ झाले. नंतर शिक्षणमंत्री अब्दुल रझाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालाने मधला मार्ग काढला: मलय ही राष्ट्राची भाषा आणि ती सगळ्यांनी शिकायची, पण चिनी आणि तमिळ प्राथमिक शाळाही राहतील आणि सगळीकडे अभ्यासक्रम सारखा असेल. १९५६ सालच्या १६ मे रोजी विधिमंडळाने त्या शिफारशी स्वीकारल्या. तोच दिवस पुढे शिक्षकदिन ठरला. म्हणजे त्या देशाने आपल्या शिक्षकांचा सण एका भाषाविषयक तडजोडीच्या तारखेला ठेवला आहे.

या व्यवस्थेत सारे आलबेल आहे असे नाही, आणि तिथले शिक्षकच ते सांगतात. चिनी मूल चिनी शाळेत, तमिळ मूल तमिळ शाळेत, त्यामुळे एकाच गल्लीतली मुले बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत एका बाकावर बसत नाहीत. रिमूव्ह क्लासमध्ये एक वर्ष जाते आणि बरोबरीची मुले पुढे निघून गेल्याचे काही मुलांना लागते. इंग्रजीचेही तसेच. २००३ पासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचे धोरण आले. खेड्यापाड्यांतली मुले मागे पडतात, अशी तक्रार वाढत गेली, आणि २०१२ पासून ते टप्प्याटप्प्याने मागे घेतले गेले. २०१६ पासून काही शाळांना हे विषय इंग्रजीतून शिकवण्याची मुभा पुन्हा मिळाली. माध्यम बदलले की शिक्षण आपोआप सुधारते, असे मानणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनी हा इतिहास जरूर वाचावा. इंग्रजी माध्यमाची पाटी लागली म्हणून मुलाच्या डोक्यात अपूर्णांक उतरत नाही.

आम्ही आणि आपण

शेवटच्या आठवड्यात आमचा पाठ होता, त्याच पेरालिहानच्या वर्गावर. चिकगूंनी सांगितले, "तुमच्या भाषेतलं काहीतरी शिकवा, पण मुलांना त्यांच्या भाषेकडे बघायला लावेल असं." आम्ही दोन रात्री टाचण काढत होतो. शेवटी फळ्यावर दोनच शब्द लिहायचे ठरले: 'आम्ही' आणि 'आपण'.

मराठीत 'आम्ही बाजारात जातो' म्हटले तर ऐकणारा त्यात नसतो. 'आपण बाजारात जाऊ' म्हटले की तोही येतो. उर्दूत दोन्हींसाठी एकच 'हम'. इंग्रजीत एकच 'वुई'. आम्ही इंग्रजीतून हे समजावले आणि दोन मुलांना पुढे बोलावून करून दाखवले. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "कामी! किता!" मलय भाषेत अगदी हाच भेद आहे. 'कामी' म्हणजे आम्ही, 'किता' म्हणजे आपण. ही मुले मलयमध्ये कच्ची म्हणून या वर्गात बसवलेली, पण या दोन शब्दांत ती रोज चुकत असत ती का, हे त्यांचे त्यांनाच उमगले. मग एक तमिळ मुलगी उभी राहिली. तिच्या भाषेत 'नांगळ' आणि 'नाम'. होक्किएन ही चिनी बोली घरी बोलणारा एक मुलगा जरा विचार करून म्हणाला, आजी बोलते त्यातही असे दोन शब्द आहेत. चार घरच्या भाषा एका फळ्यावर आल्या आणि परकी राहिली ती इंग्रजी.

पाठानंतरची चर्चा हाही आमच्यासाठी नवा अनुभव होता. तिथे शिक्षक मिळून एक पाठ बघतात आणि नंतर बसून बोलतात. ही पद्धत मूळची जपानची. बोलायचे ते शिकवणाऱ्याबद्दल नाही, शिकणाऱ्याबद्दल. कोणते मूल कुठे थांबले, कुठे त्याचा चेहरा बदलला, कुणी वहीत काय लिहिले. आमच्या सराव पाठांच्या वेळी मागे बसलेले निरीक्षक आमच्याकडे बघत. इथे पाच शिक्षक मागे बसून मुलांकडे बघत होते. एका सहकाऱ्याने टिपले होते की तिसऱ्या रांगेतली एक चिनी मुलगी तोपर्यंत महिनाभर वर्गात बोलली नव्हती, ती आज शेजारणीला 'किता'चा अर्थ समजावून सांगत होती.

व्यक्ती म्हणून आम्हांला सगळ्यात जास्त शिकवले ते शिक्षकांच्या बैठकींनी. बैठक मलयमध्ये चाले. सगळे हसले की आम्हीही हसत असू, पण कशाला ते कळत नसे. आपले नाव कुणी घेतले की छातीत धस्स होई. तास-दीड तास असे बसल्यावर वीस वर्षांच्या अनुभवाची बाईही आपोआप मागची खुर्ची शोधते. आमच्या मुलांना तहसील कचेरीच्या खिडकीपाशी, कॉलेजच्या पहिल्या दिवशी काय होत असेल, ते पुस्तकात वाचून इतके कळले नसते.

परत आल्यावर

परत येऊन आता एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाले. सरकारसारखा वर्षभराचा वर्ग चालवणे आमच्या हातात नाही. हातात होते ते आम्ही सुरू केले.

पहिली गोष्ट, तीन रकान्यांची वही. नववी आणि दहावीच्या प्रत्येक मुलाकडे गणित-विज्ञानासाठी ती असते. पहिल्या रकान्यात उर्दू संज्ञा, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजीचा उच्चार आणि स्पेलिंग. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. झाविया, कोन, अँगल. रकबा, क्षेत्रफळ, एरिया. मुरब्बा आला की वर्गात दरवर्षी हशा पिकतो, कारण आंब्याचा मुरब्बा सगळ्यांना माहीत असतो आणि चौरस मुरब्बा कुणी खाल्लेला नसतो. पण हसत हसत शिकलेला शब्द विसरत नाही. बालभारती एकच अभ्यासक्रम उर्दूतही छापते आणि मराठीतही, त्यामुळे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की वही भरायला अडचण येत नाही.

दुसरी गोष्ट, आठवड्यातून दोन तासिका 'पुलाचा तास'. त्यात व्याकरण नाही. मुले मराठीत अर्ज भरतात, एसटीचे वेळापत्रक वाचतात, ग्रामपंचायतीच्या फलकावरची नोटीस उतरवून आणतात, दुकानदाराशी, डॉक्टरांशी, बँकेच्या बाईंशी बोलायचे संवाद करून दाखवतात. घरची कोकणी बोली या तासात चालते. किंबहुना ती हवीच असते. बोलीतले वाक्य मुले आधी सांगतात आणि त्यातून प्रमाण मराठीकडे येतात. आपल्या घरच्या तोंडात अर्धी मराठी आधीपासून आहे, हे कळल्यावर त्यांची भीड निम्मी होते.

तिसरी गोष्ट, शेजारच्या मराठी माध्यमाच्या शाळेशी देवाणघेवाण. महिन्यातून एकदा दोन्ही शाळांची नववी एकत्र बसते. त्यांची मुले उर्दूत आपले नाव लिहायला शिकतात, आमची मुले त्यांना लिहून दाखवतात. एकाच गावात राहून ही मुले एका बाकावर कधी बसली नव्हती. याबाबतीत पेनांग आणि आमचे गाव यांत फार अंतर नाही.

विरोध झाला, आणि तो दोन बाजूंनी झाला. काही पालक म्हणाले, उर्दू शाळेत मराठीचे एवढे लाड कशाला, उद्या उर्दूच जाईल. काही म्हणाले, उर्दू हवीच कशाला, सरळ इंग्रजीत घाला. दोघांनाही आम्ही एकच सांगितले. मुलाला पाया घरच्या आणि ओळखीच्या भाषेत मिळू द्या, आणि पुढच्या भाषेपर्यंतचा रस्ता शाळेने बांधू द्या. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. ती परीक्षेपुरती ठेवायची की मुलाच्या उपयोगाची करायची, एवढेच ठरवणे आपल्या हातात आहे. उर्दू यामुळे कमी झालेली नाही. उलट तीन रकान्यांची वही भरताना मुलांना आपली उर्दू संज्ञा कुठून आली, हेही विचारावेसे वाटते.

या वर्षी दहावी झालेल्यांपैकी विज्ञान शाखेला गेलेल्या मुलींनी ती वही कॉलेजात बरोबर नेली आहे. त्यातली एक परवा भेटली. म्हणाली, वर्गातल्या मराठी माध्यमाच्या मुलींनीही वही उतरवून घेतली, कारण तिसरा रकाना त्यांनाही लागतो. निकाल काय लागतो ते पुढे दिसेल. दिवाळीनंतर त्या सगळ्या परत जातात का, याकडे आमचे लक्ष आहे.

आपल्या गावच्या उर्दू शाळेत कुणाला हे करून बघायचे असेल, तर त्यासाठी मलेशियाला जायची गरज नाही. नववीच्या विज्ञानाचा पहिला धडा 'गतीचे नियम' उघडावा, उर्दू आणि मराठी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवावीत आणि वहीला दोन उभ्या रेघा माराव्यात. पहिल्या दिवशी पाच शब्द पुरे. मोहल्ल्यात निवृत्त शिक्षक, पोस्टमन, कचेरीतले कारकून असतात, ज्यांचे मराठी पक्के असते आणि ज्यांच्याकडे संध्याकाळ मोकळी असते. त्यांना शाळेत बोलवावे. आमच्याकडे असे दोन बुजुर्ग येतात. चहाशिवाय दुसरे काही घेत नाहीत.